अंगावर पाजताना शुगरच्या गोळ्या : कुणी घेतल्या आहेत का?

कळंबेकरीण
नमस्कार मंडळी. बाळंतपणाला माहेरी कोल्हापुरात आले आहे. मुलगा झालाय, नुकताच महिन्याचा झाला. मला लग्नाआधीपासून टाइप २ डायबेटिस आहे (पीसीओएस या हार्मोनच्या विकाराची देणगी). गरोदरपणात गोळ्या बंद करून इन्सुलिन चालू केलं होतं, ते डिलिव्हरीनंतर थांबवलं. डिस्चार्जच्या कागदावर मेटफॉर्मिन ५०० दिवसातून दोनदा लिहून दिलंय.

घरी आल्यावर खरा गोंधळ सुरू झाला. आत्या म्हणते, गोळी खाऊन पाजलंस तर ते दूध बाळाला बाधतं, आणि तुझी साखर दुधातनं त्याच्यात जाते. आमच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांना बाबांनी फोन केला, तर ते म्हणाले, पूर्वीचीच गोळी घरात असेल तर ती चालू करा, एकच आहे. घरातली पट्टी बघितली तर नाव वेगळं. या सगळ्यात अजून कुठलीच गोळी सुरू झालेली नाही आणि उपाशीपोटी साखर १४० ते १६० येतेय.

पाजत असताना कुणी मेटफॉर्मिन घेतली आहे का? बाळाला काही त्रास? आणि दुसरा प्रश्न जरा लाजत विचारते, डिंकाच्या लाडवांचं काय करायचं? आईनं डबा भरून ठेवलाय, तोही गुळातला.

शाहूपुरी_३री_गल्ली
मी घेतली होती, दोन्ही मुलांच्या वेळी. पोरं धडधाकट आहेत, एक तर जास्तच. उपाशीपोटी १५० घेऊन बसू नका ताई, ज्यांनी डिस्चार्ज दिला त्यांनाच फोन लावा.

औषधवाला
माझं मेडिकल दुकान आहे, डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. पण रोज दिसणारी गोष्ट म्हणून लिहितो. घरातली जुनी पट्टी उलटी करून बारीक अक्षरं वाचा. आपल्याकडे डायबेटिसच्या निम्म्या पट्ट्या जोडगोळ्या असतात. मेटफॉर्मिनच्या शेजारी ग्लिमेपिराइड, नाहीतर व्हिल्डाग्लिप्टिन, सिटाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन, डापाग्लिफ्लोझिन, कधी कधी तीन-तीन एकत्र. पेशंट मात्र सगळ्यांनाच 'मेटफॉर्मिनची गोळी' म्हणतात. ब्रँडच्या नावापुढं एम, जीपी, व्ही असं काही जोडलेलं दिसलं की समजायचं, आत एकाहून जास्त औषधं आहेत. तुम्हाला लिहून दिलीय ती नुसती मेटफॉर्मिन. 'एकच आहे' म्हणणाऱ्यांनी पट्टी बघितलेली नाही.

कळंबेकरीण
@औषधवाला, आत्ता वाचलं. ग्लिमेपिराइड १ मिग्रॅ + मेटफॉर्मिन ५००. म्हणजे वेगळीच!

पेठेतली_काकू
बाळा, मी सांगतो ते ऐक. आमच्या वेळी शेक-शेगडी, बाळंतकाढा, अळिवाची खीर आणि शेपूची भाजी एवढ्यावर सगळं निभावलं. गोळ्याबिळ्या कुणी खाल्ल्या न्हाईत. डिंकाचा लाडू सोडू नको, कंबर धरती नाहीतर.

मिसळ_विना_कट
काकू, तुमच्या वेळी साखर मोजत होतं कोण? आमच्या आज्जीला डायबेटिस होता हे घरच्यांना तिच्या पायाची जखम भरेना तेव्हा कळलं.

पेठेतली_काकू
ते बी खरं हाय म्हणा.

बिल्ला_नंबर_७
मला टाइप १ आहे, शाळेत असल्यापासून इन्सुलिनवर. मुलगी आता दीड वर्षाची. धागा गोळ्यांचा आहे, तरी इन्सुलिनवाल्या कुणी वाचत असतील म्हणून लिहिते.

गरोदरपणात शेवटी शेवटी माझा डोस इतका वाढला होता की नर्ससुद्धा दोनदा विचारायच्या. वार पडली आणि चित्रच पालटलं. वारेतल्या हार्मोन्समुळे इन्सुलिन नीट लागू होत नसतं, ती गेली की गरज एकदम उतरते. पहिले काही दिवस मला गरोदरपणाआधीपेक्षाही कमी इन्सुलिन लागलं. त्यात पाजायला लागल्यावर आणखी कमी. दुधातली साखर शरीर आपल्याच रक्तातल्या साखरेतून बनवतं, त्यामुळे पाजता पाजता माझी साखर घसरायची. रात्री दोनचं फीड सगळ्यात वाईट. हात थरथरतायत, घाम फुटलाय, मांडीवर बाळ, आणि साखरेचा डबा स्वयंपाकघरात.

मग नियमच केला. पाजायला बसायच्या जागी पाण्याची बाटली, ग्लुकोजची पावडर आणि मूठभर शेंगदाणे-फुटाणे. साखर ७० च्या खाली दिसली की आधी तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटांनी परत मोजायची, मग काहीतरी खायचं. चॉकलेटनं भागत नाही, त्यातल्या तुपकट अंशामुळे साखर चढायला वेळ लागतो. आणि हात थरथरत असेल तर आधी बाळ दुसऱ्याच्या हातात किंवा पाळण्यात. ते रडेल, रडू दे.

मी सुरुवातीला रात्रीचा डोस डॉक्टरांना विचारून बराच उतरवला होता. साखर थोडी वर राहिली तरी चालेल, खाली नको, असं त्यांचं म्हणणं होतं.

उद्यमनगर_लेथ
वरच्या ताईंचं वाचून आमच्या घरातलं आठवलं. नवऱ्यांनो, तुमच्यासाठी लिहितो. रात्रीच्या फीडला उठायचं ते फक्त लंगोट बदलायला नाही. बायको इन्सुलिनवर असेल तर ती नीट उत्तर देतेय का बघायचं. माझी बायको साखर उतरल्यावर भांडायला लागते. एरवीपण भांडते, पण तेव्हा मुद्द्याला सोडून भांडते. तिथं ओळखायचं आणि ग्लुकॉन-डी पुढं करायचं.

शाहूपुरी_३री_गल्ली
नाद खुळा निदान! :)

वनौषधी_पन्हाळा
सगळे केमिकलच्या मागे का लागलाय? रात्री भिजवलेल्या मेथ्यांचं पाणी आणि सकाळी कारल्याचा रस घ्या. साखर खाली आणि दूधही वाढतं. ओल्या बाळंतिणीला गोळ्या कशाला?

औषधवाला
मेथ्यांनी साखर थोडी उतरते हे खरं, आणि अडचण तिथंच आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल आणि वरून कुणी मूठभर मेथ्या चालू केल्या, तर साखर किती उतरेल याचा अंदाज कुणालाच नाही. भाजीत, लाडवात घालतो तेवढी मेथी ठीक. औषधाच्या जागी मेथी नको. कारल्याचा रस पाजत्या बाईला मी तरी देणार नाही.

वनौषधी_पन्हाळा
तुमचं दुकान चाललं पाहिजे, दुसरं काय.

औषधवाला
मेटफॉर्मिनच्या पट्टीत मला काय सुटतं ते एकदा दुकानात येऊन बघा, चहा माझ्याकडून. वर तुमच्या मेथ्यापण वाण्यापेक्षा स्वस्त देतो.

बालरोगवाला
धागा आत्ता पाहिला. मी बालरोगतज्ज्ञ आहे. आईचं औषध ठरवणं तिच्या डॉक्टरांचं काम, पण 'बाळाला काय होतं' हा माझा प्रांत, म्हणून थोडं सविस्तर.

इन्सुलिन : हा रेणू मोठा असतो. आईच्या दुधात नैसर्गिकरीत्याही इन्सुलिन असतंच, आणि पोटात गेलं की ते प्रथिनासारखं पचून जातं. म्हणून तर डायबेटिस असणाऱ्यांना ते टोचून घ्यावं लागतं. पाजताना बिनघोर.

मेटफॉर्मिन : दुधात उतरते, पण अगदी थोडी. वजनाच्या हिशेबानं आईच्या डोसच्या एक टक्क्याहूनही कमी बाळाला मिळते. साधारणपणे हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आत असलं की आम्ही फारशी काळजी करत नाही. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये टाइप २ असलेल्या आईला बाळंतपणानंतर लगेच मेटफॉर्मिन चालू करायला परवानगी आहे, पाजत असली तरी. बाळ खूप अपुऱ्या दिवसांचं असेल किंवा त्याच्या किडनीचा काही प्रश्न असेल, तर मात्र आधी आम्हाला विचारा.

ग्लिमेपिराइड : या गटातल्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. दुधातून बाळात गेल्या तर बाळाची साखर उतरण्याची शक्यता राहते. गटातल्या ग्लिबेनक्लामाइड आणि ग्लिपिझाइडवर थोडा अभ्यास झालाय, दुधात त्या जवळपास सापडल्या नाहीत. ग्लिमेपिराइडबद्दल माणसांमधली माहिती फारच तोकडी आहे. त्यामुळे कळंबेकरीण, जुनी पट्टी नको. कुणाला ही गोळी द्यावीच लागली तर बाळ सुस्त पडतंय का, ओढत नाही का, थरथरतंय का, अंग गार पडतंय का, यावर लक्ष ठेवावं लागतं.

ग्लिप्टिन गट : पुरेशी माहिती नाही, दुसरा पर्याय असताना घेऊ नये. डापाग्लिफ्लोझिन-एम्पाग्लिफ्लोझिन : पाजताना नाहीच. प्राण्यांवरच्या अभ्यासात वाढत्या किडनीवर परिणाम दिसलेत, आणि बाळाची किडनी जन्मानंतरही घडत असते. वजनासाठी सध्या गाजणारी सेमाग्लुटाइडची तोंडाने घ्यायची गोळी, तीही पाजताना नको.

स्वतः तपासायचं असेल तर अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचं 'लॅक्टमेड' फुकट आहे, एकेका औषधाबद्दल लिहिलेलं सापडेल.

आता आत्याबाईंचा मुद्दा. आईच्या दुधात दर १०० मिलीला सुमारे ७ ग्रॅम लॅक्टोज असतं, आई डायबेटिक असो वा नसो. आईची साखर वाढली तर दुधातलं ग्लुकोज किंचित वाढतं, पण लॅक्टोजपुढं ते नगण्य. दुधातून डायबेटिस लागत नाही. उलट, पाजणाऱ्या आईला पुढं टाइप २ होण्याचं प्रमाण कमी दिसतं, गरोदरपणातला डायबेटिस होऊन गेलेल्या बायकांमध्येसुद्धा.

माझ्या ओपीडीत बाधलेलं दूध मी अजून पाहिलेलं नाही. औषध सोडून बसलेल्या आया भरपूर पाहतो.

पेठेतली_काकू
डॉक्टर, छान समजावलंत. पण लाडवाचं राहिलं की.

बालरोगवाला
तो विषय मोठ्यांसाठी राखून ठेवलाय. :)

गुऱ्हाळघर
लाडवावर मी बोलतो, आमचं गुऱ्हाळ आहे. साखर नको म्हणून गुळाचा लाडू करणारे खूप भेटतात. अहो, गूळ म्हणजे उसाचा रसच आटवलेला. थोडं लोह-खनिज असतं, पण बाकी बहुतेक साखरच. मीटरला तो शाहू मार्केट यार्डातला आहे की वाण्याकडचा, काही कळत नाही. जीआय (भौगोलिक) मानांकन चवीला आहे, शुगरला नाही. धंद्याचं नुकसान करून सांगतोय, नोंद घ्यावी.

मिसळ_विना_कट
कोल्हापुरात राहून गुळाविरुद्ध बोलणारा गुऱ्हाळवाला! याचा सत्कार बिंदू चौकात करा.

रुईकर_कॉलनी_आहार
आहाराचं काम करते. बाळंतिणीनं उपाशी राहायचं नाही हे पहिलं. पहिल्या सहा महिन्यांत पाजणाऱ्या आईला रोज ६०० कॅलरी जास्त लागतात असं आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं) मोजमाप आहे. त्यामुळे 'शुगर आहे, भात बंद, लाडू बंद, सगळं बंद' हेही चूक. त्यानं दूध आणि आई, दोघंही थकतात.

डिंक, खोबरं, बदाम, मेथी, अळीव यांची अडचण नाही. अडचण गुळाची, आणि खारकेची पूड ढीगभर पडत असेल तर तिचीही. गूळ निम्म्याहून कमी करा, वळले जात नसतील तर तूप थोडं वाढवा. लिंबाएवढा एक लाडू, चहा-बिस्किटाच्या जागी, आणि दोन तासांनी साखर मोजा. मीटर सांगेल ते खरं. अळिवाची खीर गूळ न घालता दुधात शिजवून वर बदामाची पूड, वाईट लागत नाही. खोटं कशाला बोलू, फार छानही लागत नाही.

ज्वारी-बाजरीची भाकरी, शेपू, मेथी, डाळ, अंडी भरपूर. आणि गंगावेशीच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध कुणी आणून देत असेल तर तापवून घ्या, बाळंतिणीला कच्चं नको.

एक गोष्ट कुणीच बोललं नाही. दूध वाढायला म्हणून जो शतावरी कल्प आणतात, त्या दाणेदार पावडरीत बरीचशी साखरच असते. दिवसातून दोनदा दोन-दोन चमचे दुधात घालून वर 'मी साखर खात नाही' म्हणणाऱ्या बायका मला दर आठवड्याला भेटतात. डबा वाचा.

कळंबेकरीण
बाप रे. कल्प रोज चालू आहे माझा!

ताराबाई_पार्क
थोडा वेगळा सूर लावते. सगळे 'पाजा, पाजा' म्हणताय ते बरोबर, पण माझं दूध उतरायलाच चार-पाच दिवस गेले. डायबेटिस असलेल्या बायकांना दूध उतरायला उशीर होऊ शकतो, हे मला कुणीही आधी सांगितलं नव्हतं. मुलाची साखर जन्मल्यावर कमी आली, पावडरचं दूध द्यावं लागलं, आणि बघायला येणाऱ्या प्रत्येक बाईनं मला दोष दिला. शेवटपर्यंत अर्धं माझं, अर्धं वरचं असंच चाललं. मुलगा छान आहे. ज्यांना जमत नाही त्यांना आणखी टोचू नका. इन्सुलिन टोचून झालेलंच असतं.

बिल्ला_नंबर_७
@ताराबाई_पार्क, शेवटच्या वाक्याला कडकडीत टाळी.

बालरोगवाला
पूर्ण सहमत. यात आईचा दोष नसतो. डायबेटिक आईच्या बाळाला जन्मल्यावर लवकरात लवकर, शक्यतो पहिल्या तासाच्या आत, पाजायला घ्यायचं आणि टाचेतून रक्त घेऊन त्याची साखर बघत राहायचं, हे हॉस्पिटलचं काम. सारखं पाजल्यानं, नाहीतर हातानं काढून दिल्यानं पान्हा लवकर फुटायला मदत होते. चिकाचे चार थेंबसुद्धा वाटीत काढून चमच्यानं देता येतात. तरीही कमी पडलं तर पावडर देणं म्हणजे उपचार आहे, पराभव नाही.

गडहिंग्लजची_सून
माझ्या जावेला फक्त गरोदरपणात शुगर होती. बाळंत झाल्यावर नॉर्मल आली, म्हणून सगळ्यांनी पेढे वाटले (!) आणि विषय संपला. तिला पाजताना काही औषध नाही. तिनं काही बघायचं असतं का?

बालरोगवाला
हो. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांच्या सुमारास ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करतात ती तपासणी. आपल्या सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्येही ती आहे. त्या काळात एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) वर विसंबू नये, बाळंतपणात रक्त गेलेलं असतं. नॉर्मल आली तरी दरवर्षी एकदा साखर बघायची. बाळाचा सहा आठवड्यांचा डोस आणि आईची तपासणी एकाच खेपेत होते. सीपीआरला (सरकारी रुग्णालयात) बाळ घेऊन जाणार असाल तर तिथंच विचारा.

उद्यमनगर_लेथ
इन्सुलिनवाल्यांसाठी एक, औषधवाले दादा दुजोरा देतील. सिरिंजच्या टोपीचा रंग बघा. लाल टोपी ४० च्या बाटलीला (एका मिलीत ४० युनिट), केशरी १०० च्या. बाटली बदलली आणि सिरिंज जुनीच राहिली तर हिशेब पार कोलमडतो.

औषधवाला
शंभर टक्के दुजोरा. १०० ची बाटली आणि लाल टोपीची सिरिंज म्हणजे अडीचपट डोस. रात्री झोपेत कुणी दुसरं भरून देणार असेल तर एकाच प्रकारची सिरिंज घरात ठेवा. पेन वापरत असाल तर हा ताप नाही. चालू बाटली माठाजवळ गार जागी महिनाभर चालते, न उघडलेल्या बाटल्या फ्रिजच्या दारात नाही, आतल्या कप्प्यात. बर्फाच्या खणात मात्र कधीच नाही, गोठलं की फेकायचं.

कळंबेकरीण
सगळ्यांचे मनापासून आभार. आज डिस्चार्ज देणाऱ्या डॉक्टरांकडे जाऊन आले, जुनी पट्टी दाखवायला घेऊन गेले होते. ती बाजूला ठेवायला सांगितली. नुसती मेटफॉर्मिन ५००, आधी रात्रीच्या जेवणानंतर एक, पोट बिघडलं नाही तर आठवड्यानं सकाळचीही. उपाशीपोटीचा आकडा तरीही खाली आला नाही तर पाजणं चालू ठेवून रात्रीचं थोडं इन्सुलिन, असं म्हणाले. मला वाटत होतं, इन्सुलिन म्हणजे पाजणं बंद. उलटंच निघालं.

मी शाकाहारी आहे आणि गोळी बरीच वर्षं चाललेली, म्हणून बी१२ पण तपासायला दिलंय. मेटफॉर्मिननं ते कमी होतं आणि माझं कमी असेल तर दुधातही कमी उतरतं म्हणे.

आत्याला डॉक्टरांचा प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवला. ती म्हणाली, "मग आधी का नाही सांगितलं त्यांनी?" कल्पाचा डबा बाबांनी चहात घालायला पळवलाय.

पेठेतली_काकू
बाबांची साखर मोजली का?

कळंबेकरीण
:( उद्या मोजते.

रुईकर_कॉलनी_आहार
गोळी जेवणाच्या मध्ये किंवा लगेच नंतर घ्या, रिकाम्या पोटी नको. पहिले काही दिवस पोट ढिलं होतं, बहुतेकांचं बसतं. आणि तांबडा-पांढरा रस्सा तुम्ही खात नसाल तर तुमच्या वाटणीचा इकडं.

नवीन_सभासद_कागल
मला थायरॉइड आहे, पाजतेय, सकाळची गोळी घेऊ का?

बालरोगवाला
थायरॉक्सिनची असेल तर घ्या, पाजताना चालते, बंद करू नका. पण वेगळा धागा काढा, इथं तुमचा प्रश्न गुळात बुडेल.